सोरायसिस, साथीची भीती आणि मन: एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. प्रश्न आणि उत्तर दोन्ही कोविडच्या साथीच्या काळातलं आहे. ताईंना बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे उठण्याचा जुनाट आजार) आहे, टाळूवर, कोपरांवर आणि हातांवर. बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठराविक भाग शांत करणारं औषध) इंजेक्शन सुरू होतं आणि त्यावर छान कंट्रोल होता. कोविड आल्यावर प्रतिकारशक्ती कमी होईल या भीतीने त्यांनी इंजेक्शन स्वतःच थांबवलं, दिवसभर हात धुऊन धुऊन हातांना भेगा पडल्या, चट्टे परत आले, रांगेत एका माणसाने हात बघून "लांब उभ्या रहा" म्हटलं आणि तेव्हापासून बाहेर जाणंच बंद. मीटिंगला कॅमेरा बंद, रात्री खाजेने झोप नाही, आणि घरचे म्हणतात लोकांचे जीव चाललेत आणि तुला चट्ट्यांचं पडलंय. त्या विचारतायत की हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत का, आणि पुढच्या आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांबरोबर व्हिडिओ कॉल आहे तर त्यात हे रडगाणं सांगावं का.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत सोरायसिस, इसब, कोड, जुनं अंगावरचं पित्त असे वर्षानुवर्षं चालणारे आजार असलेलेच जास्त असतात. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, सांगा, आणि त्याला रडगाणं म्हणू नका. खाज किती आहे, चट्टे कुठं आहेत हे जसं सांगाल तसंच झोप येत नाही, कुणाला भेटावंसं वाटत नाही, आरशात बघवत नाही हेही सांगायचं. माझ्यासाठी ही त्याच आजाराची लक्षणं आहेत. पेशंटने ती सांगितली नाहीत तर मला अर्धाच आजार दिसतो आणि मग उपचारही अर्धाच होतो.

आता मनाचे खेळ वगैरे. टेन्शन आलं की चट्टे वाढतात हे तुम्ही स्वतः अनुभवलेलं असणार, पण त्याचा अर्थ आजार काल्पनिक आहे असा होत नाही. ताण आला की मेंदूकडून शरीरात संप्रेरकांची एक साखळी सुरू होते, कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचं गणित बिघडतं, त्वचेतल्या नसांच्या टोकांमधून सबस्टन्स पी सारखी द्रव्यं सुटतात, त्यामुळं तिथल्या मास्ट पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खाज आणणारं हिस्टामिन सोडतात आणि खाज, लाली, सूज सगळंच वाढतं. शिवाय ताणात त्वचेचा बाहेरचा थर सावकाश भरून येतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या त्वचेचा अगदी वरचा थर चिकटपट्टीने काढून तो किती वेळात सावरतो ते मोजलं होतं, सुट्टीनंतर मोजलं तेव्हाच्या मानाने परीक्षेच्या दिवसांत तो हळू सावरला, आणि ही निरोगी तरुण मुलं होती. तुमच्या बाबतीत परीक्षा काही आठवड्यांची नाही, महिनोन्महिने चाललीये, आणि त्वचा आधीच नाजूक.

उलट दिशेनेही तेच होतं. युरोपातल्या १३ देशांत त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली आला, त्यात त्वचेचे रुग्ण आणि बाकी लोक अशी तुलना होती. नैराश्य रुग्णांमध्ये १०.१ टक्के आणि बाकीच्यांत ४.३ टक्के, अँग्झायटी १७.२ विरुद्ध ११.१, आणि आयुष्य संपवण्याचे विचार १२.७ विरुद्ध ८.३. हे सगळं साथ नसतानाचं आहे हे लक्षात घ्या. म्हणून घरचे जेव्हा म्हणतात "तुला चट्ट्यांचं पडलंय" तेव्हा ते वाईट हेतूने म्हणत नसतील, सगळेच घाबरलेत, पण ते चुकतायत. दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून तुमचं खरं नाही असं होत नाही. आणि गंमत नाही, मी बघते की या एका वाक्यामुळं लोक सहा-सहा महिने डॉक्टरकडे येत नाहीत, त्यांना वाटतं आत्ता हॉस्पिटलांवर एवढा लोड असताना आपण कशाला मध्ये मध्ये करायचं.

रांगेतल्या त्या माणसाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण तुमच्या मेसेजमध्ये मला तिथंच खरी जखम दिसली. साथीच्या आधीही लोक बघायचेच, पण तेव्हा स्पर्शाची भीती फक्त काहींना होती, साथीत सगळ्या जगाला शिकवलं गेलं की दुसऱ्या माणसापासून लांब रहा, आणि त्यात २०२० मध्ये कोविडमुळं पायाच्या बोटांवर लाल-जांभळे चट्टे येतात वगैरे बातम्या फोटोसकट फिरल्या. त्यामुळं कुठलाही चट्टा दिसला की लोकांच्या डोक्यात थेट संसर्ग येतो. सोरायसिस लागत नाही, इसब लागत नाही, कोड लागत नाही, हात मिळवून, शेजारी बसून, एकाच टॉवेलनेही नाही. तुम्हाला हे माहितीये, त्यांना नाही. अशा वेळी ऐनवेळी शब्द सुचत नाहीत आणि मग घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात घोळतं की मी असं बोलायला हवं होतं. म्हणून एक छोटं वाक्य आधीच ठरवून ठेवा आणि घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. "हा सोरायसिस आहे, हा कुणाला लागत नाही." एवढंच. आवाज चढवायचा नाही, माफीच्या सुरात पण नाही, आणि पुढचं स्पष्टीकरण देत बसायचं नाही. समोरच्याला पटलं नाही तरी चालेल, तुम्ही मान खाली घालून निघून आला नाहीत हे जास्त महत्त्वाचं. आणि ज्या दिवशी बोलायची ताकद नसेल त्या दिवशी नाही बोललं तरी काही बिघडत नाही, प्रत्येक अनोळखी माणसाला शिकवायची जबाबदारी तुमची नाही.

याच्याच पोटात लपवालपवी येते. कॅमेरा बंद, लांब बाह्या, आणि मास्क. मास्कबद्दल माझ्याकडे दोन अगदी उलट गोष्टी येतात. काहींना त्याचा प्रचंड त्रास, कारण सोरायसिस आणि कोड या दोन्हींत जिथं सतत घासतं किंवा खरचटतं तिथं नवा चट्टा उठू शकतो, याला कोबनरची प्रतिक्रिया म्हणतात, आणि बहुतेक वेळा खरचटल्यानंतर दहा ते वीस दिवसांनी तो दिसतो. कानामागं इलॅस्टिक घासून चट्टे वाढलेले मी बरेच बघितलेत, तिथं डोक्यामागून बांधायच्या नाड्यांचा मऊ सुती मास्क आणि आधी पातळसं मॉइश्चरायझर एवढ्याने खूप फरक पडतो. पण दुसऱ्या बाजूला असे पेशंट आहेत ज्यांना मास्कने आयुष्यात पहिल्यांदा मोकळं वाटलं. गालावर मुरमांचे खड्डे असलेली मुलगी, ओठांभोवती कोड असलेला माणूस, त्यांच्याकडे कुणी वळून बघेना झालं. हे सुख खरं आहे, ते मी नाकारत नाही. फक्त काही महिन्यांनी हेच लोक म्हणतात की आता मास्क काढायची वेळ आली की छाती धडधडते, आधी एवढी धडधडत नव्हती. लपवल्याने भीती शांत होते पण फक्त तेवढ्या वेळापुरती, आणि दर वेळी मेंदू हेच शिकतो की लपवलं म्हणून वाचलो, त्यामुळं पुढच्या वेळी भीती आणखी मोठी.

कॅमेऱ्याचंही तसंच. म्हणून मी म्हणेन एकदम सगळ्यांसमोर जायचं नाही, पण ज्या एका सहकाऱ्याबरोबर तुम्हाला बरं वाटतं तिच्याबरोबरच्या कॉलला कॅमेरा चालू करा, आधी पाच मिनिटं. स्वतःची खिडकी लपवायचं सेटिंग असतं, ते वापरा. हे लपवणं मी चालवून घेते, कारण तासन्‌तास स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत बोलणं हे माणसाने कधी केलेलंच नव्हतं आणि जवळच्या लेन्समध्ये चेहरा तसाही वेडावाकडा दिसतो. ज्यांना त्वचेचा काही आजार नाही तेही यामुळं स्वतःच्या चेहऱ्यातल्या खोडी काढायला लागलेत. पाच मिनिटं जमली की पुढं वाढवा, मग तीन-चार जणांची मीटिंग. छातीत धडधड होईल, होऊ द्या, ती चढते आणि कॅमेरा बंद न करताही आपोआप उतरते, हे एकदा अंगाने अनुभवलं की मग माझ्या सांगण्याची गरज राहत नाही.

आता हात. भेगा पडलेल्या हातावर सॅनिटायझर लावला की जी आग होते ती सहन करताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि दिवसातून वीस वेळा हे झालं की माणूस चिडचिडा होणारच, त्यात मनाची कमजोरी कुठं आली. हात धुवायचेच आहेत, २० सेकंद धुवायचेच आहेत, पण कोमट पाण्याने, गरम नको. सुगंधी कडक साबणाऐवजी साबणविरहित सौम्य क्लिन्झर. मग टॉवेलने घासायचं नाही, टिपून घ्यायचं, बोटांच्या मधल्या बेचक्यांतही, आणि हात किंचित दमट असतानाच जाड मॉइश्चरायझर, ट्यूबमधलं ऑइंटमेंटसारखं चिकट असतं ते, बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला चोळून. लोक तळहाताला लावतात आणि पेरं सोडून देतात, भेगा नेमक्या पेरांवर. रात्री भरपूर लावून वर सुती हातमोजे. हात दिसायला मळलेले नसतील तर साबणापेक्षा ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेला सॅनिटायझर त्वचेला कमी कोरडं करतो, आग होते म्हणून तो जास्त वाईट वाटतो एवढंच, पण उघड्या भेगा असतील तर आधी त्या भरून येऊ द्या. घरात एकट्या बसलेल्या असताना, कशालाही हात लावलेला नसताना पुन्हा पुन्हा उठून धुवावंसं वाटत असेल आणि नाही धुतलं तर चैनच पडत नसेल, तर ते वेगळं आहे, तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर चांगले उपचार आहेत.

इंजेक्शन. भीती वाटली यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, सुरुवातीला आम्हा डॉक्टरांनाही अंदाज नव्हता. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ आहे असं म्हटलं आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत माझा फोन याच एका प्रश्नाने वाजत होता. पण नंतर माहिती आली. सोप्रोटेक्ट नावाची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, सोरायसिस असलेल्यांना कोविड झाला तर काय होतं याची. तिच्या पहिल्या अहवालात २५ देशांतले ३७४ रुग्ण होते आणि त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त पूर्ण बरे झाले. बायोलॉजिक घेणाऱ्यांना हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं, जास्त जोखीम दिसली ती वाढतं वय, पुरुष असणं, फुफ्फुसाचा जुना आजार अशा गोष्टींची. त्यामुळं त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटना साधारण हेच सांगतात की संसर्ग झालेला नसेल तर औषध स्वतःहून थांबवू नका, आणि संसर्ग झाला तर थांबवायचं का, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. काही बायोलॉजिकमध्ये मोठा खंड पडला की शरीर त्या औषधाविरुद्धच अँटीबॉडीज तयार करतं आणि परत सुरू केल्यावर ते पहिल्यासारखं चालत नाही, म्हणून तुम्ही हा विषय कॉलवर सगळ्यात आधी काढा. स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अचानक कधीच थांबवू नयेत, त्यात जिवाला धोका होऊ शकतो आणि सोरायसिस पू भरलेल्या फोडांसारखा उसळू शकतो. कोविडच्या मुख्य लसी बायोलॉजिकवर असलेल्यांनाही घेता येतात, डोस आणि इंजेक्शनच्या तारखा कशा बसवायच्या ते डॉक्टर सांगतील.

औषधांचा विषय निघालाच आहे तर ल्युपसवाल्यांबद्दल (या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालतं अशी हवा झाली आणि ज्यांचा आजारच त्या गोळीवर आटोक्यात असतो त्यांना ती मिळेना. अमेरिकेत मार्चअखेर दिलेली तातडीची परवानगी १५ जूनला मागे घेतली गेली, पण तोवर कितीतरी जणांनी गोळ्या मोजून मोजून काढल्या. पुढच्या महिन्यात औषध मिळेल का ही धाकधूक स्वतःच माणसाला खाते. कुणाला तसं होत असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोलून पर्यायी औषध कागदावर लिहून घ्या, नुसतं ते हातात असल्यानेही झोप लागते.

झोपेवर यायलाच हवं कारण माझ्या मते तुमच्या बाबतीत पहिली दुरुस्ती तिथंच करावी. रात्री खाज वाढते याला कारणं आहेत, शरीराचं नैसर्गिक कॉर्टिसोल रात्री उतरतं, त्वचा गरम होते, तिच्यातलं पाणी जास्त उडतं, आणि लक्ष दुसरीकडे न्यायला काही नसतं. मग खाजवलं की दोन सेकंद बरं, नंतर दुप्पट खाज, दोन वाजतात, मोबाईल हातात येतो, साथीचे आकडे दिसतात आणि झोप गेलीच. खोली थंड ठेवा, नखं अगदी बारीक कापा, मॉइश्चरायझर झोपायच्या अर्धा तास आधी लावा म्हणजे चिकटपणा कमी होतो आणि ती बाटली हवं तर फ्रिजमध्ये ठेवा, गार लागल्यावर खाजेला उतार पडतो. खाज उठली की हात खाजेकडे न नेता मूठ आवळून ३० सेकंद धरून ठेवायची, तरी राहिली तर त्या जागी नखाने हलकं दाबायचं, ओरबाडायचं नाही. ऐकायला साधं वाटतं पण सवय मोडायची ही जुनी, नीट तपासलेली पद्धत आहे, इसबाच्या रुग्णांना शिकवतात. पहिला आठवडा वैतागवाणा जातो. बातम्या दिवसातून एकदा, उजेडी, आणि मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. झोपेसाठी म्हणून दारूचा आधार घेऊ नका, दारूने झोप तुटते, सोरायसिस वाढतो आणि मेथोट्रेक्सेट (सोरायसिसवरचं एक औषध) घेणाऱ्यांच्या तर लिव्हरवर दुहेरी मार.

ध्यान, श्वास वगैरे करू का असं बरेच जण विचारतात. करा, आवडत असेल तर. ध्यानावर काम करणारे अमेरिकी संशोधक जॉन कबाट-झिन यांनी १९९८ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता, सोरायसिसवाले प्रकाशोपचाराच्या पेटीत उभे असताना त्यांना ध्यानाची टेप ऐकवली, आणि ज्यांनी ऐकली त्यांचे चट्टे बाकीच्यांपेक्षा लवकर गेले. पण ते लोक प्रकाशोपचारही घेत होते, हे विसरू नका. इंजेक्शन बंद ठेवून नुसतं ध्यान करून चट्टे जातील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही, कारण नाही गेले की लोक स्वतःलाच दोष देतात, मी नीट ध्यान केलं नसेल म्हणून.

स्पर्शाबद्दल कुणी विचारत नाही. एकटे राहणारे पेशंट मला सांगतात की महिनोन्महिने कुणी खांद्यावर हातही ठेवलेला नाही, आणि चट्टे असल्यामुळं आधीच कमी असलेला स्पर्श शून्यावर आलाय. तुमच्या घरात माणसं आहेत, तर पाठीला जिथं तुमचा हात पोचत नाही तिथं मलम लावायला कुणालातरी सांगा. लाजू नका. घरच्यांना काय मदत करावी ते कळत नसतं म्हणून ते सल्ले देतात, हातात काम दिलं की सल्ले कमी होतात, आणि रोज जवळून बघितल्यावर "चट्ट्यांचं पडलंय" हे वाक्य तोंडातून निघणं अवघड होतं.

आता कॉलच्या तयारीचं. फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, प्रत्येक जागेचा एक लांबून आणि एक जवळून, फ्लॅश बंद, आणि फक्त कॉलच्या आदल्या दिवशी. रोज फोटो काढून कालच्याशी ताडून बघत बसू नका, त्याने जीव आणखी अडकतो. जांघेत किंवा गुप्तांगाला चट्टे असतील तर तोंडाने सांगा, फोटो लागतोच असं नाही, सोरायसिसमध्ये हे खूप जणांना असतं आणि खूप कमी जण सांगतात. घरात मोकळं बोलता येत नसेल तर सुरुवातीलाच तसं सांगा, मी अशा वेळी हो-नाही उत्तरं येतील असे प्रश्न विचारते किंवा चॅटवर लिहायला सांगते. मग डीएलक्यूआय भरून घ्याल का असं विचारा. १९९४ पासून वापरात असलेली १० प्रश्नांची यादी आहे, मागच्या आठवड्यात त्वचेमुळं कामावर, कपड्यांवर, नात्यांवर किती परिणाम झाला ते विचारते, एकूण ३० पैकी गुण, १० च्या वर गेले की परिणाम मोठा मानतात. तुम्हाला जे बोलायला जड जातंय ते आकड्यात उतरतं आणि डॉक्टरांनाही उपचार वाढवायला ठोस कारण मिळतं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा दुसऱ्या कशासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मूडमधला बदल मुद्दाम सांगा, तो औषधाचाही असू शकतो.

शेवटचं, आणि हे कॉलची वाट बघू नका असं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटतंय, आधी आवडायच्या त्या गोष्टींतही रस उरला नाही असं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक हवेत, आणि ते व्हिडिओवरही भेटतात. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलो तर बरं असे विचार येत असतील तर आजच, आत्ता, घरातल्या एका माणसाला या शब्दांत सांगा, एकट्या राहू नका आणि तातडीच्या विभागात जा किंवा हेल्पलाइनला फोन करा. तुम्ही प्रश्नात असं काही लिहिलेलं नाही, तरी मी माझ्या प्रत्येक पेशंटला हे थेट विचारते, विचारल्याने असले विचार डोक्यात येतात हा गैरसमज आहे, उलट माणूस हलका होतो.

कॉलला बोलताना सगळं आठवेलच असं नाही, म्हणून चार ओळी कागदावर लिहून समोर ठेवा: इंजेक्शन कधीपासून बंद आहे, रात्री किती तास झोप होते, घराबाहेर शेवटचं कधी पडला होतात, आणि त्या रांगेत काय झालं. चौथी ओळ वाचताना रडू आलं तर येऊ दे, डॉक्टर थांबतील. इंजेक्शन परत सुरू झाल्यावर फरक दिसायला काही आठवडे लागतात, तोवर मलमं आणि झोपेचं वर लिहिलेलं चालू ठेवा, आणि कॉल झाल्यावर काय ठरलं ते इथंच लिहा, पुढचं आपण बघू.